सॅलॅमँडर पास, समुद्रकाकडी रद्द

दिग्रस, ता. ८ जानेवारी २००६

चि. उर्वशीस नागोरावमामाचा जयभीम व आशीर्वाद.

दोन प्राण्यांच्या तुलनेचा तुझा निबंध पोचला. कॉलेजातून एकालाच रामेश्वरमच्या किनाऱ्यावर अभ्यासाला नेणार, म्हणजे काम चोख पाहिजे. स्वच्छ उतरवून सोबत पाठवतो. मेक्सिकोचा पालीसारखा सॅलॅमँडर प्रयोगशाळांच्या काचपेट्यांत हजारोंनी, पण स्वतःच्या तळ्यात मोजका, हे बरोबर. समुद्रकाकडी हा समुद्रतळावरचा जीव, सुकवून परदेशी विकतात, म्हणून ती संपत चालली, हेही बरोबर. संकटात ती आतडी बाहेर टाकते, पण नवी तयार होतात, हे तू विसरलीस, घातलं. शेवटचा परिच्छेद मात्र खोडला. दोघांत डावंउजवं करू नये, हा काय निकाल झाला? बावीस वर्षं जिनिंगात प्रत ठरवताना दोन मुठी कापूस काळ्या कागदावर शेजारी ठेवून मी एक पास केली, एक रद्द. सॅलॅमँडरला कणा आहे, मेंदू आहे. समुद्रकाकडीला दोन्ही नाही. म्हणून आधी सॅलॅमँडर वाचवावा, असं लिहिलं आहे. कानामात्रा बदलू नको. तुझी मामी म्हणते, पोरीले तिच्या मनानं लिहू द्या. तिला म्हटलं, तू तुझी भाजी पाहा.

तुझा मामा,
नागोराव


यवतमाळ, ता. २९ जानेवारी

ती. मामांस उर्वशीचा सविनय जयभीम, वि. वि.

माझी निवड झाली नाही. सरांनी निबंध वर्गात वाचला अन् विचारलं की तुलना करायला सांगितली होती, कोणाले मरू द्यायचं हे तुले कोणी विचारलं? पोरं हसली. तुमचं नाव मी घेतलं नाही.

मामा, जिनिंगवाल्यांनी कापूस तपासायची मशीन आणली तेव्हा तुमची बोटं अन् मशीन असंच शेजारी ठेवलं होतं. त्यांनीही एकच पास केलं. तुम्ही दोन दिवस जेवले नव्हते.

लोभ मागायची आज हिंमत नाही.

उर्वशी


दिग्रस, ता. ४ फेब्रुवारी

चि. उर्वशीस जयभीम.

दोन नाही, तीन दिवस.

तुझ्या सरांना चार पानी पत्र लिहिलं होतं, माहितीत एक तरी चूक दाखवा म्हणून. पोस्टात टाकलं नाही. माहितीत चूक नाहीच. कुठे झाली ते तुले ठाऊक आहे, मलेही. काल मामीनं तुझा मूळ कागद काढून खोडलेलं वाचून दाखवा म्हटलं. इतकं दाबून खोडलं आहे की एक अक्षर लागत नाही. नक्कल असेल तर पाठव. हात लावणार नाही.

नागोराव


यवतमाळ, ता. ११ फेब्रुवारी

ती. मामांस जयभीम.

नक्कल ठेवली नव्हती. कागद तुमच्याकडे जात होता, म्हणून ठेवायची गरज वाटली नाही.

मामीस जयभीम सांगावा.

उर्वशी