क्लॅरिसचा मसाला, माझा बाउन्स रेट

४ एप्रिल
बायको क्लॅरिसच्या बॉटल मसाल्याची, म्हणजे आम्हा ईस्ट इंडियन लोकांच्या बाटलीत भरून ठेवायच्या मसाल्याची, वेबसाइट मी, मार्कसने, एकट्याने उभी केली. अख्ख्या वाकोल्यात असा मसाला नाही. बाउन्स रेट ९१. आधी वाटलं, डिस्टिंक्शन! मग कळलं, शंभरातले एक्क्याण्णव लोक दुसरं काही न बघताच पळतात.

७ एप्रिल
अभ्यास केला. लोकांना स्टोरी हवी असते. पहिल्याच पानावर माझा जीवनप्रवास टाकला, फोटोंसकट. मसाला, आणि ज्यांची ही रेसिपी त्या सासूबाईंचा फोटो, त्याखाली. बराच खाली.
क्लॅरिसचं म्हणणं, मसाल्याचा फोटो आणि फोन नंबर टाक, पुरे. तिला मार्केटिंग कळत नाही.

१२ एप्रिल
९४. सुट्ट्या लागल्यात. लोक गावी गेले असणार.

१५ एप्रिल, दुपार
झकास आयडिया. साइट उघडताच माझा व्हिडिओ आपोआप सुरू. आवाज फुल. चुलतभाऊ एल्टनने ऑफिसात उघडली, मीटिंग चालू असताना. नंतर फोनवर जे बोलला ते लिहिण्यासारखं नाही. पण सगळ्या मीटिंगने ऐकलं ना!

१६ एप्रिल
९७. वाट लागली. तात्पुरती.
क्लॅरिस अंगणात मिरच्या वाळवतेय. यंदा दुप्पट. ऑर्डरी आवरणार नाहीत, असं मीच सांगितलं होतं. त्यासाठी तिने शाळेतली नोकरीही सोडली. हुशार बाई.

२८ एप्रिल
एक व्हिजिटर चक्क वीस मिनिटं थांबला! सगळी पानं बघितली. मला समजून घेणारं कुणीतरी भेटलं. केक आणला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
ती क्लॅरिस होती. विचारत होती, यावर ऑर्डर द्यायची कुठून रे? दाखवायला गेलो. मलाही सापडेना. बटण टाकायचं राहिलंय बहुधा.
ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. केक कुणी कापला नाही.

६ मे
तिची मैत्रीण ॲश्ली कलिन्यात खाण्याचं दुकान चालवते. सगळा मसाला तिकडे गेला. बाटल्यांवर नाव ॲश्लीचं. क्लॅरिस सोमवारपासून तिथेच काउंटरवर बसणार. मी म्हटलं, दुकानाची वेबसाइट करून देतो. दोघी एकदम नको म्हणाल्या.

९ मे
क्लॅरिस म्हणाली, साइटवरून माझ्या आईचा फोटो काढ, मसाल्याचं नावही काढ. काढलं. आता साइटवर मी एकटाच आहे.
उघडते मात्र झटकन.