पाच सीलबंद घोडे

वृंदावन योजना, लखनौ
वैशाख पौर्णिमेनंतरचा सोमवार

आयुष्मान राजरत्नजी यांस,

शामरावाचा सविनय जयभीम. आपला डावा गुडघा आता जिना चढू देतो की नाही, ते उलटटपाली कळवावे. येथे आपली धाकटी बहीण सुभद्रा खुशाल असून थोरल्या भावाची आठवण रोज काढते (बहुधा माझ्याशी तुलना करण्याच्या निमित्ताने). माझे पहाटेचे वंदन आणि सुत्तपठण नियमित चालू आहे. ऊन नागपूरच्या तोडीचे आहे, फक्त येथले लोक त्याबद्दल अधिक नम्रपणे तक्रार करतात.

पत्रास कारण बुद्धिबळ आहे. हे वाचून आपण चष्मा पुसाल, म्हणून आधीच स्पष्ट करतो की माझी भूमिका बदललेली नाही. एकोणचाळीस वर्षांपूर्वी, आपला पोस्टकार्डावरचा डाव ऐन रंगात असताना, मी आपणांस कळवले होते की तथागतांनी वर्ज्य सांगितलेल्या करमणुकींत आठ घरांच्या पटावरचा खेळ अगदी पहिला आणि दहा घरांच्या पटावरचा दुसरा येतो. सबब मी हा खेळ सोडत आहे. (तो नियम प्रव्रजितांसाठी आहे, गृहस्थांसाठी नाही, असे आपण उलट लिहिले होते. तो युक्तिवाद मी विचाराधीन ठेवला होता व अजून तो तेथेच आहे.)

आता घडले ते असे. आमच्या विहाराच्या माडीवर एक हॉल आहे. त्यात सात कपाटे भरून ग्रंथ आहेत व प्रत्येक ग्रंथाला मी स्वहस्ते खाकी कव्हर घातले आहे. वाचकसंख्या एक, आणि ती व्यक्ती हे पत्र लिहीत आहे. फाल्गुनात विहार समितीचे सचिव नागसेन (बँकेत अधिकारी आहेत, वृत्तीने सज्जन, परंतु रिकामी जागा पाहिली की अस्वस्थ होतात) म्हणाले की, हॉल मंडपवाल्याला खुर्च्या ठेवायला देऊ. मी हरकत घेतली. ते म्हणाले, "काका, वैशाख पौर्णिमेच्या आधीच्या रविवारी मी स्वतः मोजायला येतो. दहा जण काहीतरी करत बसलेले दिसले तर हॉल तुमचा. नऊ दिसले तर ताला. फिर मत बोलना." कपाटांचे काय, असे विचारता त्यांनी गच्चीकडे बोट दाखवले. गच्चीवर पत्राही नाही.

तोडगा समितीच्या बैठकीत नीलमताईंनी काढला. त्या हजरतगंजात सरकारी कार्यालयात आहेत. म्हणाल्या, "काका, मुलं वाचायला येणार नाहीत, खेळायला येतील. बुद्धिबळाचे पाच संच घ्या, दहा डोकी बसतील. बसली की एखादं पुस्तकही उघडतील." खरेदीचे काम एकमताने माझ्याकडे आले, एक तर रेल्वेच्या भांडार खात्यात माझी छत्तीस वर्षे गेली, आणि दुसरे, मी खेळत नसल्यामुळे निःपक्षपाती. त्याच बैठकीत नीलमताईंची दहा वर्षांची मुलगी प्राची (मराठी सगळे समजते, उत्तर हिंदीतच देते) म्हणाली, "दादाजी, वो रोल वाला ले लो, मोटे प्लास्टिक का। हमारे स्कूल में वही है।" मी हे 'न मागितलेले मत' म्हणून नोंदवून ठेवले व रीतसर चौकशी आरंभली.

टिकाऊपणा ही गोष्ट, राजरत्नजी, दुकानदाराच्या तोंडून कळत नाही. हजरतगंजात एकाने शिसवी लाकडाचा कोरीव संच दाखवून "साहब, पोते खेलेंगे" असे सांगितले. मी एक संच नमुना म्हणून घरी आणला व खात्याच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक सोंगटी कमरेच्या उंचीवरून मोझेकच्या फरशीवर दहा वेळा टाकली. चौथ्या वेळी दोन घोड्यांचे कान गेले व सातव्या वेळी सुभद्रा बाहेर आली. नंतरच्या परीक्षा मला जिन्यात घ्याव्या लागल्या. चुंबकाचा घडीचा पट तिसाव्या उघडझापीत बिजागरीतून सुटला. पातळ प्लास्टिकची प्यादी पंखा पाचवर करताच एकजुटीने पलंगाखाली गेली (लखनौत मे महिन्यात पंखा बंद ठेवून खेळा म्हणणे अहिंसेत बसत नाही). पुठ्ठ्याचा पट कूलरच्या ओलाव्याने असा फुगला की मधल्या चार घरांवरचा राजा डोंगरावर उभा असल्यासारखा दिसे. शेवटी, सात आठवडे व अकरा नमुने यांनंतर, माझा निष्कर्ष असा झाला : जाड प्लास्टिकच्या, बुडाशी वजन घातलेल्या सोंगट्या, गुंडाळून ठेवता येणारा रेक्झिनसारखा पट आणि एक कापडी पिशवी. तो पट ओल्या फडक्याने पुसता येतो, सोंगटी हरवली तर सुटी मिळते, आणि किंमतही शिसवीच्या चौथाई. मी अहवाल वाचून दाखवला. प्राचीने फक्त आईकडे पाहिले.

पाच संच आले. येथपर्यंत सर्व शास्त्रोक्त होते. परंतु आपण भांडार खात्यात नव्हता, म्हणून सांगतो की, माल स्वीकारताना त्यातील नमुना काढून, लाखेची मोहोर करून, कुलपात ठेवावा लागतो. उद्या पुरवठादाराने हलका माल दिला तर ताडून पाहता यावे म्हणून. मी प्रत्येक संचातून एक पांढरा घोडा काढला. (घोडाच का, तर त्याची घडण सर्वांत किचकट, आणि कारखानदार हात मारतो तो तेथेच.) पाच घोडे पाकिटात घालून, मोहोर करून कपाट क्रमांक चारमध्ये ठेवले व त्यांच्या जागी खोकल्याच्या औषधाची पाच बुचे दिली. सुभद्रेने विचारले, "लग्नात नवरा पसंत केल्यावर नमुना म्हणून त्याचं नाक काढून ठेवतात का?" मी नियमावली पाहिली, तीत तशी तरतूद नाही.

मुलांनी मात्र तक्रार केली नाही. ती बुचाला 'सिरप' म्हणू लागली. "सिरप से वजीर मारा!" अशा आरोळ्या माडीवरून ऐकू येत, आणि दर रविवारी माझ्या कपाटांसमोर गर्दी वाढत होती. वाढता वाढता ती नऊवर थांबली. नववी प्राची. ती सर्वांना हरवून चुकल्यामुळे तिच्यासमोर कोणी बसेना, आणि ती एकटीच पाचव्या पटाशी दोन्ही बाजूंनी खेळे.

मोजणीचा रविवार आला. चार पटांवर आठ, पाचव्यावर प्राची. जिन्यात नागसेन यांच्या चपलांचा आवाज. मी कपाटांकडे पाहिले, खाकी कव्हरांकडे पाहिले, आणि प्राचीसमोरच्या खुर्चीत बसलो. केवळ खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून. नागसेन पाच मिनिटे न्याहाळत राहिले व म्हणाले, "काका, बसलात ते दिसतंय. पण काही करताय का? चाल तरी चला." माझा हात आपोआप पांढऱ्या घोड्याकडे गेला. तेथे बूच होते. प्राचीने माझे मनगट धरले. "नहीं दादाजी। पहले असली घोड़ा लाइए। बाद में मत कहना कि सिरप की वजह से हारे।"

राजरत्नजी, छत्तीस वर्षांत मी मोहोर फोडलेली नाही. एकदा वरिष्ठांनी तोंडी सांगितले होते, तेव्हा मी लेखी मागितले आणि ते पुन्हा बोलले नाहीत. त्या दिवशी मात्र कपाट क्रमांक चार उघडून, सर्वांसमक्ष, मी ती लाख फोडली. पाचही घोडे बाहेर आले. मुलांनी टाळ्या वाजवल्या, जणू कोणाची तुरुंगातून सुटका झाली. मी घोडा चाललो. नागसेन यांनी वहीत 'दहा' लिहिले. मी तेराव्या चालीला हरलो.

हॉल वाचला आहे. परंतु नागसेन दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मोजणार आहेत, आणि जाताना प्राची नीलमताईंना जिन्यात म्हणाली ते मला ऐकू आले : "मम्मी, दादाजी के साथ मज़ा नहीं आता। दो हफ़्ते और देखूँगी।" ती गेली की मीही गेलो, म्हणजे आठ.

बाकी सर्व क्षेम. मुलाबाळांस आशीर्वाद, वडीलधाऱ्यांस वंदन. गुडघ्याला तिळाचे तेल लावावे.

आपला,
शामराव

ता. क. : प्राची तिसऱ्या चालीलाच वजीर बाहेर काढते. त्यावर काय करावे हे आपण सविस्तर लिहून पाठवावे. ही विनंती सर्वस्वी ग्रंथालयाच्या हितासाठी आहे. बंद पाकिटातून पाठवावे. पोस्टकार्ड सुभद्रा वाचते.

ता. क. दुसरे : वर्ज्य खेळांच्या यादीतील पहिले दोनच मी वर दिले आहेत, आणि एकोणचाळीस वर्षांपूर्वीही दोनच दिले होते. तिसरा म्हणजे पट न मांडता, सोंगट्यांवाचून, मनातल्या आकाशात खेळणे. तो मी त्या वेळी का गाळला, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. आपला हत्ती माझ्या राजाच्या दाराशी आला होता व मला उत्तर सुचत नव्हते; ते मनातल्या मनात शोधत राहण्याची मोकळीक हवी होती. परवा पहाटे वंदनाला बसलो असता सुचले. माझा राजा एक घर उजवीकडे. आता आपली पाळी.