छातीतल्या गाठी आणि अर्धं राहिलेलं वाक्य

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार (सध्या बसूनच, वाकलं की छातीत घोडं उधळतं). तुझे गुडघे कसे आहेत? जिना अजून एकेक पायरी बसत बसतच उतरतेस का?

सगळ्यात आधी, मी मरत नाहीये. परवा ढब्बूच्या फोनवरून (माझा कपाटाखाली गेला, ते येईलच पुढे) मी एवढंच म्हणालो की हृदयावर गाठी आहेत, जाळायच्या आहेत, आणि बॅटरी संपली. तू 'गाठी' ऐकलंस, 'जाळायच्या' ऐकलंस आणि उरलेलं तुझं तूच शिवलंस. ढब्बूचा फोन चार्ज होतो न होतो तोच तुझ्या थोरल्यानं, ज्या सायकलला मला जन्मात हात लावू दिला नाही, ती मला देऊ केली. तुझ्या जाऊबाईंनी मला सगळं माफ केलं. सगळं म्हणजे काय काय, ते सांगितलं नाही, त्यामुळे नवाच घोर. तुला पुन्हा फोन केला असता, पण तू कुणाला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागद मध्ये बोलत नाही.

तर झालं असं. हल्ली मी घरसामान हलवणाऱ्यांकडे आहे (आधीचं काम का सोडलं ते ऐकण्यासारखं आहे, पण तो फाटा आत्ता नको). वर मी, खाली जोडीदार ढब्बू, मध्ये आरशाचं कपाट. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर माझ्या ठोक्यांचा ताल सुटला. दोन धावत, एक गायब, मग शाळा सुटल्यासारखे सगळे एकदम. खिशातला फोन निसटला, त्यावर मी कपाट टेकवलं. आरशात पाहतो तर तोंड चुन्यासारखं. खालून ढब्बू ओरडला, "मेलास काय रे?" वरून मालकीणबाई म्हणाल्या, "आरसा बरा आहे ना?" दोघांनीही आपापल्या परीनं चौकशी केली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी समजावलं. मला वाटायचं, हृदय म्हणजे हुकमाचा ताबेदार, डोकं सांगेल तसं पळणार. तसं नाही, आत्या. हृदयाच्या वरच्या कप्प्यांच्या पाठीशी, फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा जिथे मिळतात तिथे, चरबीत मज्जातंतूंचे बारीक पुंजके दडलेले असतात. सगळ्यांना असतात, तुलाही. मेंदूचे निरोप ते ऐकतात, पण काही गोष्टी त्याला न विचारता तिथल्या तिथे ठरवतात. बाई त्याला हृदयाचं स्वतःचं छोटं डोकं म्हणाल्या. (याचं डोकं ठिकाणावर नाही, असं तू सतरांदा म्हणायचीस. सापडलं.) माझे पुंजके चेकाळतात, मग वरचे कप्पे धड आकसायचं सोडून नुसते थरथरतात. या पुंजक्यांनाच बाई गाठी म्हणाल्या. दोरीला पडते तशी गाठ, रोगाची नव्हे. मांडीतल्या शिरेतून नळी वर सरकवून त्यातल्या काहींना चटका द्यायचा, म्हणजे त्या शांत होतील. नक्की होतील का, असं मी विचारलं. बऱ्याच जणांना आराम पडतो, पण शब्द देत नाही, म्हणाल्या. खरं बोलणारं माणूस मला आवडतं. घरी येऊन पडल्यावर आवडेनासं झालं.

आपल्याला न विचारता आत कुणीतरी ठरवतंय, हे कळल्यापासून मी फार सभ्य झालोय. जिना चढायच्या आधी त्यांना सांगतो, हळूच जातोय हं, दोनच मजले.

तेव्हा काळजी करू नकोस. येऊ तर मुळीच नकोस. प्रवास लांबचा, तुझे गुडघे हे असे, आणि वॉर्डात बसायला एकच स्टूल, तेही लंगडं. माझ्याजवळ ढब्बू बसणार आहे.

तुझा,
भिंगरी

ता. क. नळीचं ऐकूनच ढब्बूला घेरी आली. तो बसणार नाही.

ता. क. स्टूल मात्र त्यानं जाऊन ठोकून दिलंय. आता डुलत नाही.

ता. क. लहानपणी मला ताप आला की तू मनगट धरून बसायचीस. मोजत काहीच नव्हतीस, नुसतं धरायचीस. इस्पितळात नर्सबाई मोजतात, आणि मोजलं की हृदय जास्तच उधळतं. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी, सकाळी. त्या गाठींना चटका बसायच्या आधी तुझी गाठ पडावी. (भेटीची, आत्या. दुसरं काही मनात आणू नकोस.)