घसाऱ्याला माफी नाही

१ मार्च, सकाळी ६

वयाने लहान असलेल्या नातेवाइकांकडून भरल्या ताटावर अपमान गिळलेल्या तमाम बांधवांनो,

ही डायरी माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही. तरी बोलायचं ते समोर सभा आहे असं धरूनच, हा माझा बाणा. आपलं दुःख एकच. मागच्या वर्षी खात्याच्या परीक्षेत मी फक्त कॅश फ्लोच्या प्रश्नात गेलो. त्या रात्री जेवताना मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, भाऊजी, तुमच्या हातात आली की रोकड उलटी वाहते वाटतं. सगळे हसले. हीसुद्धा हसली, तोंडावर हात ठेवून. या मेहुण्याला ऑफिसात मीच चिकटवला. यंदा तोही परीक्षेला बसतोय. लेखाधिकाऱ्याची जागा एक, काचेची केबिन एक.

संकल्प: रोज पाचला उठणे. कॅश फ्लोचा फडशा पाडणे. केबिन मिळाल्यावर पहिल्याच दिवशी मेहुण्याला आत बोलावणे आणि उभं ठेवणे.

२ मार्च, सकाळी ८.२०

गजर पाचला झाला. मी तो पूर्ण ऐकला. क्रांती आधी डोक्यात होते, पलंगावरून उठणं हा नंतरचा भाग.

५ मार्च

क्लास लावला. सर कोवळे आहेत. म्हणाले, वर्षभरात रोकड कुठून आली आणि कुठे गेली, एवढंच सांगायचं असतं. नफ्यापासून सुरुवात करा, त्यात घसारा, म्हणजे वस्तूंच्या झिजेपोटी वजा केलेली रक्कम, परत मिळवा.

मी उभा राहिलो. विचारलं, घसारा हा खर्च आहे की नाही? म्हणाले, आहे. नफ्यातून एकदा वजा केलाय की नाही? केलाय. मग पकडलेल्या चोराला हार घालून घरी सोडायचं, असंच ना? सर म्हणाले, काका, मशीन झिजलं म्हणून कपाटातली रोकड कमी होत नाही. कागदावर वजा झालंय, म्हणून कागदावर परत मिळवायचं.

काका. ठीक आहे. ज्यांना केबिनमध्ये उभं ठेवायचंय त्यांची यादी केली, मेहुण्याच्या खाली सरांचंही नाव लिहून ठेवलं.

८ मार्च, ऑफिसातून

रोकड जात नाही म्हणे. माझी खुर्ची बघा. वीस वर्षं हीच. डावा हात तुटलेला, मागे टेकलं की कुरकुरते. या खुर्चीपायी कंबर गेली, कंबरेपायी डॉक्टर आला. ती रोकड कोणाच्या खिशातून गेली?

निर्णय: यापुढे प्रत्येक उदाहरणात घसारा दुसऱ्यांदा वजा करणार. शिक्षा म्हणून.

१४ मार्च

सहा उदाहरणं सोडवली. (चार वाचली, दोन सोडवली.) शेवटची शिल्लक पुस्तकाशी जुळत नाही. फरक दोन्ही वेळा घसाऱ्याच्या बरोबर दुप्पट. हा योगायोग नाही. पुस्तकवाले एकमेकांना सामील आहेत.

१७ मार्च

मेहुणा घरी आला. ताईला भेटायला, म्हणे. टेबलावरचं माझं उदाहरण उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणाला, भाऊजी, तेवढा घसारा मिळवा, लगेच जुळेल. पेन्सिलसुद्धा उचलली. मी कागद ओढून घेतला. ही आतून म्हणाली, अहो, सांगतोय तर ऐका ना, तुमचंच भलं आहे.

घरभेदी.

मी म्हणालो, जुळवून घेणं हा भेकडांचा धंदा आहे. तो म्हणाला, अकाउंट्समध्ये तोच एक धंदा असतो, भाऊजी. वाक्य चांगलं होतं. माझं नव्हतं याचं वाईट वाटलं.

२१ मार्च

आज अभ्यासाला सुट्टी. माझ्या सत्काराला द्यायचं उत्तर लिहायला घेतलं. 'जे या माणसाला हसले, ते आज कुठे बसलेत ते पाहा,' इथे मेहुण्याकडे बोट. आरशासमोर म्हणून पाहिलं. कपाटाचं दार थरथरलं. ही म्हणाली, अहो, शेजारचे विचारतायत, कोणी गेलं का.

२६ मार्च

भाषण अकरा पानं झालं. गुंतवणूक आणि कर्जाचा भाग वाचायचा राहिलाय. उद्या.

२९ मार्च

उद्या नाही, आज वाचणार होतो. पण भाषणाचा शेवट पडेल असं वाटत होतं. तो सुधारला.

३० मार्च, परीक्षेनंतर

कॅश फ्लो आलाच. घसारा बारा हजार. निर्भयपणे वजा केला. शेवटी चोवीस हजारांचा फरक. क्षणभर हात थांबला. दोन बाकं पुढे मेहुणा पट्टी लावून बेरजेखाली दुहेरी रेघ मारत होता. म्हणजे त्याचं जुळलं. मी एक नवी ओळ घातली: 'तात्त्विक मतभेद, २४,०००.' माझंही जुळलं. मीही दुहेरी रेघ मारली, त्याच्यापेक्षा जाड.

२८ एप्रिल

मेहुणा पास.

उत्तरपत्रिका पाहायला मिळाली. 'तात्त्विक मतभेद'समोर लाल शाईत फक्त दोन शब्द: मान्य नाही. तपासणाऱ्याचं नाव कळलं असतं तर यादीत घातलं असतं.

२ मे

साहेबांनी बोलावलं. म्हणाले, तुमच्या मेहुण्याचा सत्कार ठेवलाय, तुमच्याइतकं चांगलं बोलणारं ऑफिसात दुसरं कोण आहे. नाही म्हटलं तर जळतो म्हणतील. शिवाय भाषण तयार होतं. 'मी' खोडून 'आमचे मेहुणे' केलं. अकरा पानांत बरेचदा खोडावं लागलं.

५ मे

बोललो. 'जे या माणसाला हसले' इथे पोचलो आणि सवयीने बोट उठलं. तिकडे हार घातलेला मेहुणा. बोट हवेत फिरवत राहिलो, कुठे ठेवावं कळेना. शेवटी स्वतःच्या छातीवर ठेवलं. साहेबांनी डोळे पुसले. टाळ्या खूप पडल्या. ही सगळ्यात जोरात.

नंतर मेहुण्याने काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. मी उभा राहिलो. तो म्हणाला, भाऊजी, असं काय, बसा ना. आणि हो, तुम्हाला नवी खुर्ची मागवली आहे. ती जुनी दप्तरात केव्हाच संपली, घसारा लागून लागून किंमत शून्य झाली. तुम्ही आपले बसलाय अजून.

जागेवर येऊन तिच्यावर बसलो. ती कुरकुरली. इतकी वर्षं दरसाल तिचा घसारा मीच वहीत टाकला, माझ्याच अक्षरात. त्यासाठी कपाटातून एक पैसाही मी कधी काढला नव्हता.

तमाम बांधवांनो, परीक्षा पुन्हा मार्चमध्ये आहे. पेन्सिल उचला आणि घसारा मिळवा. मेहुणा बघत नसताना.