अहिल्याबाईंचं कपाळ

१३ नोव्हेंबर १९६१, भरे

—आणि नाक तिसऱ्यांदा पुसलं. कोळशाने राणीचं नाक जमत नाही. पण 'अ'चा तक्ता आज व्हायलाच हवा. चावडीतल्या साक्षरता वर्गात सात बायका. परीक्षा आठवड्यावर आली, आणि 'अ' अजून पाटीवर आडवा पडतो. पुस्तकात अननस आहे. तो त्यांनी पाहिलेला नाही. म्हणून अहिल्याबाई.

माझ्या खोलीत त्यांची एक तसबीर होती. आठवून काढते आहे. ती तसबीर, पुस्तकं, खोली—सगळं पुण्यात जुलैच्या पुरात वाहून गेलं. इथे सगुणाबाईंनी ओसरीवरची खोली दिली, गावाने वर्ग दिला. सकाळी उठायला कारण आहे. पुष्कळ झालं.

१४ नोव्हेंबर

तक्ता दाखवला. गोजराबाई—सरपंच हैबतरावांच्या पत्नी—मान वाकडी करून बघत राहिल्या.

"बाई, ही लई जुनी. आत्ता असती तर कशी दिसली असती?"

मग वर्ग माझ्या हातात राहिला नाही!

"झाशीची राणी सायकलीवर. पोर पाठीला बांधल्यालं."

"आन जिजाऊ?"

"ग्रामपंचायतीत. आमच्या ह्यांना म्हनंल, उठा, ती खुर्ची माझी हाय!"

सगुणाबाईंना हसून ठसका लागला. पाणी द्यावं लागलं.

अहिल्याबाईंपाशी सगळ्या अडल्या. तेव्हा कोपऱ्यातून तानूबाई बोलल्या. धनगरांच्या वस्तीवरच्या. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

"काखंत कोकरू. हातात काठी. धनगराचीच लेक ती."

"राणी मेंढरामागं फिरंल व्हय?" गोजराबाई.

"मग तुमी जाता का?" तानूबाई.

पुन्हा हशा. या वेळी गोजराबाईंवर. त्याही हसल्या—जरा उशिरा.

१५ नोव्हेंबर

नवा तक्ता. आधी नुसतं कोकरू काढून तानूबाईंना दाखवलं. "असं धरलं तर गुदमरंल, बाई. पोटाखाली हात घाला. पाय लोंबू द्या." तसं केलं.

त्या बोलत होत्या आणि मी चेहरा बघत होते. घरी येऊन बसले. नाक पहिल्या रेघेत आलं! कपाळ मोकळं ठेवलं. अहिल्याबाई विधवा. तानूबाईही. दहा वर्षं झाली म्हणतात.

त्यांना विचारायला हवं होतं. सुचलं नाही.

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

वाईट दिवस.

तक्ता काल संध्याकाळीच भिंतीवर लावला होता. आज सकाळी चावडी झाडायला सगुणाबाई गेल्या. भिंतीवर बाईची तसबीर, त्यात शुक्रवार. त्यांनी रोजच्या सवयीने हळदीकुंकवाचं बोट टेकवलं आणि झाडू लागल्या.

दुपारी सगळ्या जमल्या. तक्त्यासमोर एकेक जागीच थांबली. चेहरा तानूबाईंचा. कपाळावर कुंकू, ठसठशीत.

तेवढ्यात त्या आल्या. बघितलं. पदर तोंडावर ओढला आणि आल्या पावली गेल्या. पाटी राहिली.

"म्या कुटं त्वांड बघितलं? तसबीर दिसली, बोट टेकवलं!" सगुणाबाई रडत होत्या. "चेष्टा केली असं वाटलं असंल तिला. रांडावलेल्या बाईची चेष्टा!"

त्यांची चूक नाही. न विचारता चेहरा मी घेतला.

१८ नोव्हेंबर

तानूबाई आल्या नाहीत.

२० नोव्हेंबर

वस्तीवर गेले. सासरे भेटले, पिराजी. "सून मेंढरांकडं गेलीया. उद्या दुपारी कळप कोकणात उतरनार." बसायला घोंगडं टाकलं, दूध दिलं. रागाचा शब्द नाही. त्यामुळे जास्तच खाली बघत प्यायले.

उद्या नऊला पौडहून तपासनीस येणार. परीक्षा एकदाच. कळप परत येईल तो मृगाला. तोवर वर्ग बंद झालेला असेल. उद्या त्या आल्या नाहीत तर दोन महिन्यांत शिकलेलं घाटात सांडणार.

येताना हैबतराव भेटले. "सहा जनींची घ्या, बाई. वस्ती गावात धरू नका."

खोली वाहून गेल्यावर मी एका पिशवीनिशी इथे उतरले, तेव्हा मला कुठल्या गावात धरायचं हे कुणी विचारलं नव्हतं. सगुणाबाईंनी आधी ताट वाढलं होतं.

हे हैबतरावांना सांगायला हवं होतं. उद्या सांगेन.

२१ नोव्हेंबर

सकाळी नऊला चावडीत तपासनीस आणि मी. बाई एकही नाही. हैबतराव म्हणाले, आमची मंडळी पहाटेच कुठे गेली कळत नाही. मग कळलं, त्या वस्तीवर गेल्या होत्या. सहाही. पुढे गोजराबाई.

तपासनीसांना घेऊन मी तिथे गेले. सगुणाबाई हात जोडून उभ्या होत्या. तानूबाई म्हणाल्या, "राग कुटला, आक्का? धा वर्सांनी माझं कपाळ बघितलं. तुमच्याम्होरं रडू नगं म्हनून पळाली."

मग त्यांनी पाटी मागितली.

परीक्षा मेंढ्यांच्या वाड्यातच झाली. सातही जणी पास. दुपारी कळप घाटाकडे गेला.