थोरलीसह

५ जानेवारी

आला! नववा खंड आला!

माझ्या टेबलावर तपकिरी कागदात गुंडाळून ठेवला होता. पेपरच्या रविवार पुरवणीच्या संपादक बाई म्हणाल्या, आधीचे आठही वाचलेलं या इमारतीत तुझ्याशिवाय कुणी नाही, तेव्हा परीक्षण तूच लिही. मी! आजवर दुसऱ्यांच्या लेखांतल्या वेलांट्या दुरुस्त करत बसले, आता माझ्या नावानं छापून येणार. आमच्याकडे पुष्कळ जण मलपृष्ठ वाचून परीक्षण लिहितात आणि ते खपूनही जातं. मी तसं करणार नाही. पान न पान वाचणार.

घरी येऊन आधी अप्पांच्या हातात दिलं. त्यांनी वजन करावं तसं वर-खाली केलं. साखरेनं डोळे नेल्यापासून ते पुस्तक असंच बघतात. म्हणाले, "जाडजूड आहे. थोरलीला बरंच काम दिसतंय."

थोरलीत त्यांचा जीव, पहिल्या खंडापासून. कादंबरीतल्या ‘दूरगामी’ या अंतराळजहाजावरची म्हातारी यंत्रज्ञ. इंजिनाशी भांडते, त्याचे लाड करते, पुन्हा भांडते. अप्पा म्हणतात, एवढ्या मोठ्या जहाजावर काम करणारी ती एकटीच, बाकीचे खिडकीत उभे राहून तारे बघतात आणि भाषणं ठोकतात. कारखान्यातल्या भट्टीवरून आले की हात धुऊन, ओळीखाली बोट ठेवून वाचायचे. घरातली पहिली पदवी माझी. पण घरातला पहिला वाचणारा माणूस तेच.

६ जानेवारी

डॉक्टरांनी अप्पांना आत तपासलं आणि आम्हा दोघींना बाहेर व्हरांड्यात सांगितलं. मूत्रपिंडं गेली. आता दवाखान्याचा उपयोग नाही. "घरी न्या. आवडेल ते खाऊ द्या, आवडेल ते करू द्या."

आईनं पदरानं तोंड पुसलं आणि मला म्हणाली, "त्यांना एक अक्षर बोलायचं नाही." आत जाऊन तिनं सांगितलं, अशक्तपणा आहे, थंडी सरली की उतरेल. इतकं सहज सांगितलं की घटकाभर माझाही विश्वास बसला.

अप्पा फक्त "बरं" म्हणाले.

८ जानेवारी

वाचायला सुरुवात केली. मी कामावरून आले की संध्याकाळी, पलंगाशी खुर्ची ओढून. "काय पदवीधर, उड्डाण करायचं का?" असं ते विचारतात आणि मी चालू करते. आज थोरलीनं पहिल्याच प्रकरणात नव्या कप्तानाला इंजिनघरातून हाकललं. अप्पा इतके हसले की खोकला लागला.

हे पुस्तक संपेपर्यंत तरी — नको. असलं काही लिहायचं नाही.

१४ जानेवारी

मी पुढं गेले. जेवणाच्या सुट्ट्यांत सगळं वाचून काढलं.

वाईट आहे. नुसतं वाईट असतं तर चाललं असतं, हे थकलेलं आहे. तोच वेढा, तोच तह, तोच विश्वासघात. मधे पानंच्या पानं जहाजांची नावं, हजेरी घेतल्यासारखी. नवी माणसं आलीत ती बोलत सुटतात, एकमेकांचं ऐकत कुणी नाही.

आणि थोरली मेली. कशी, तर अशी —

‘दूरगामी वळेपर्यंत मागच्या कप्प्यातले सगळे, थोरलीसह, संपले होते.’

बस्स. दोन स्वल्पविरामांच्या मधे. पुढच्याच ओळीत नवा कप्तान कॉफी मागतो.

याच लेखकानं पहिल्या खंडात लिहिलं होतं की दूरगामी कुणाला मागं टाकून जात नाही. तेव्हा एका हरवलेल्या खलाशासाठी अख्खं जहाज परत वळलं होतं. मी ते खरं धरून चालले. शाळेत, कॉलेजात, सगळीकडं. माणसं मला खुळी म्हणाली तरी.

अजून अप्पा त्या पानापाशी पोचलेले नाहीत.

२१ जानेवारी

आज ते पान आलं. मी ‘थोरलीसह’ गाळलं.

एकच शब्द. नको तो शब्द काढायचा, नोकरीच माझी ती.

अप्पांनी लगेच विचारलं, मागच्या कप्प्यातले गेले, मग थोरली कुठं होती? मी म्हटलं, पुढं कळेल. पुढं काय कळणार? पुढं ती नाहीच.

२२ जानेवारी

डबा बाजूला सारून थोरलीला वाचवलं.

दुरुस्तीची छोटी होडी घेऊन ती आधीच बाहेर पडली होती, असं लिहिलं. स्फोटानं दूर फेकली गेली आणि एका ओसाड चंद्रावर आदळली. तिथं एक जुनं मेलेलं जहाज पडलंय. ती ते दुरुस्त करायला घेते. कागद पुस्तकात घातले आणि संध्याकाळी वाचले. पानं उलटायची आठवण ठेवावी लागते, ते कान देऊन असतात.

अप्पा म्हणाले, "वाटलंच मला. ती अशी जायची नाही."

आईला स्वयंपाकघरात सांगितलं. म्हणाली, बरं केलंस. आम्ही दोघी आता या कामात तरबेज झालोय.

२५ जानेवारी

परीक्षण दिलं. संपादक बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून वाचलं. सगळं आवडलं, फक्त थोरली मरते ते काढ म्हणाल्या. कथा-कादंबरीत कोण मरतं ते सांगायचं नसतं, वाचक शिव्या घालतात.

मी हटून बसले. म्हटलं, तीच तर तक्रार आहे माझी. ज्या बाईनं आठ खंड जहाज चालतं ठेवलं तिला लेखक दोन स्वल्पविरामांत उरकतो, आणि वाचकाला ते सांगायचंही नाही? ते काढलं तर उरेल ते खोटं उरेल.

बाईंनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. "फार खरी आहेस गं तू," म्हणाल्या. "जड जाईल तुला." पण ठेवलं! मथळाही त्यांनीच दिला – थोरलीसह.

जिंकल्यासारखी घरी आले. चपला काढल्या, पाय धुतले आणि अप्पांना थोरलीचा पुढचा भाग वाचून दाखवला. त्या मेलेल्या जहाजावरचा एक दिवा पेटला.

१ फेब्रुवारी, रविवार

छापून आलं. खाली माझं नाव, ठळक. ऑफिसात आमच्या खोलीतल्या सगळ्यांनी टेबलं बडवली. रविवारची ड्यूटी पहिल्यांदाच गोड लागली.

पुरवणी घरी नेली नाही. टेबलाच्या खणात ठेवली. अप्पांचे डोळे गेल्यापासून घरी पेपर येतच नाही, मी नेला नाही तर प्रश्न मिटला.

दर रविवारी अप्पांची दाढी करायला वेल्डरकाका येतात, त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त. आजही येऊन गेले होते. अप्पांचे गाल गुळगुळीत, पण चेहरा उतरलेला. विचारलं, "छापलं का गं तुझं?" मी म्हटलं, नाही, ऐनवेळी जाहिराती आल्या, पुढं ढकललं.

"बरं," म्हणाले. आणि मग, "वाच."

४ फेब्रुवारी

त्यांना उठवून बसवायला आता दोघी लागतो. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहतो.

८ फेब्रुवारी

आज वाचताना मला थांबवलं. म्हणाले, ती म्हातारी त्या चंद्रावर एकटीच किती बडबडेल, तिला कुणीतरी सोबतीला येईल ना पुढं? मी म्हटलं, बघू, मलाही माहीत नाही. म्हणाले, या खंडात पानं फार लांब आहेत, तुझं उलटणं ऐकू येत नाही. मी गडबडीनं दोन पानं उलटली.

उद्या सोबत द्यायची. जहाजाचा जुना स्वयंपाकी, तोही वाचलाय असं करू. त्याचं आणि थोरलीचं कधीच पटलेलं नाही.

९ फेब्रुवारी

स्वयंपाकी आल्या आल्या थोरली म्हणते, "सगळं जहाज सोडून नेमका तूच वाचायचा होतास?" अप्पा हसले. आवाज आला नाही, नुसते खांदे हलले. तरी हसले.

१५ फेब्रुवारी

परीक्षणाचं काय झालं? काही नाही. एका वाचकानं फोन करून संपादक बाईंना झापलं, कोण मेलं ते कशाला सांगितलंत म्हणून. नववा खंड धडाधड खपतोय. दहाव्याची जाहिरात आजच्या पेपरात आली, तिचं प्रूफ मीच तपासलं. म्हणजे चुका काढल्या. चूक एकही नव्हती.

मला वाटलं होतं, कुणीतरी एक माणूस म्हणेल, हो, तिला असं टाकायला नको होतं. एकसुद्धा नाही. दूरगामी पुढं गेलंय आणि सगळे आत बसून पुढच्या लढाईची वाट बघतायत. मला वाटत होतं खरं लिहिलं की काहीतरी हलतं. हलत नाही. थंडी सरली. अप्पांना उतार नाही. त्यांनी एकदाही विचारलं नाही, थंडी तर गेली, मग हे काय?

वाचता वाचता ते झोपून जातात हल्ली. मी तरी वाचत राहते.

१९ फेब्रुवारी

वेल्डरकाका रस्त्यात भेटले. सायकल उभी करून माझ्या पाठीत धपाटा घातला. काय झकास लिहिलंस म्हणाले, कारखान्यात आमच्या सगळ्या पाळीला वाचून दाखवलं!

मी विचारलं, तुम्ही कुठं वाचलंत?

"म्हणजे? छापून आलं त्या सकाळीच. मुद्दाम पेपर घेऊन अप्पाकडं आलो, म्हटलं लेकीचं नाव आलंय. अर्ध्या दाढीत वाचून दाखवलं त्याला. ते थोरलीचं तर पुन्हा वाचायला लावलं." मग त्यांना काहीतरी आठवलं. जीभ चावली. अप्पांनी घरात बोलू नको म्हणून बजावलं होतं, म्हणाले. त्यांना वाटलं, दृष्ट लागू नये म्हणून असेल.

मी कामावर गेले. दिवसभर काय तपासलं देव जाणे.

संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि नुसती पानं चाळत राहिले. अप्पा म्हणाले, "काय पदवीधर, पान सापडेना?"

मी सांगितलं, काका भेटले होते.

अप्पा म्हणाले, त्याच्या पोटात काही म्हणजे काही राहत नाही.

मी विचारलं, मग इतके दिवस मला का वाचू दिलंत? मी खोटं वाचतेय हे कळत असताना?

"तेवढा वेळ तू माझ्याकडं मेलेल्या माणसाकडं बघतात तसं बघत नव्हतीस," म्हणाले. "तुझ्या आवाजावरून कळतं."

त्यांनी चाचपडत माझं मनगट धरलं. "आता डॉक्टर काय म्हणाले ते सांग. छापलंस तसं सांग."

आई दारात उभी होती. मी तिच्याकडं बघितलं. तिनं अडवलं नाही, खाली बसली फक्त.

सांगितलं. व्हरांड्यात ऐकलं होतं तसंच, काही न गाळता. अप्पांनी ऐकून घेतलं. मग पाणी मागितलं. आईला म्हणाले, तू बरी निघालीस, मला वाटायचं तुला खोटं बोलता येत नाही.

२२ फेब्रुवारी

काल म्हणाले, "थोरलीला सोड आता. दमली ती."

आज लिहिलं. दोन स्वल्पविरामांत नाही. तिनं हत्यारं पुसून जागच्या जागी लावली, स्वयंपाक्याला एक शेवटचा टोमणा मारला, इंजिनावर हात ठेवून बसली आणि त्याची धडधड ऐकत राहिली. स्वयंपाकी शेवटपर्यंत तिच्याजवळ होता. सावकाश वाचलं. पानं उलटायची गरज नव्हती.

अप्पांनी सगळं ऐकलं. म्हणाले, "असं चालेल."