डाव्या घोड्याची बंदूक

दिनांक २८ सप्टेंबर २०२५, रविवार. सकाळपासून उघाड आहे. धानाच्या बांध्यांत पाणी पुरेसे आहे. पुतण्या विक्की येऊन गेला. दुपारी साक्षीदार आले. त्यांच्या समोर हे लिहीत आहे.

मी, नीलिमा गुणवंतराव झाडे, वय ६३, निवृत्त शिक्षिका, तालुका गोंडपिपरी, जिल्हा चंद्रपूर, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दबावाशिवाय माझ्या मागची व्यवस्था लावून ठेवते. दसऱ्यानंतर नागपूरला माझे ऑपरेशन आहे. मला मूलबाळ नाही.

१. राहते घर धाकट्या जाऊबाई चंदाबाई यांना द्यावे. सासूबाईंच्या पाटल्यांवरून आमचे अनेक वर्षे बोलणे नव्हते. पाटल्या माझ्याकडेच आहेत. त्याही त्यांनाच द्याव्यात. त्यांना त्या सैल होतील, हे मी तेव्हाही सांगितले होते.

२. शिलाई मशीन व बँकेतील ठेव शेजारच्या प्रियाला द्यावी. यजमान गेल्यापासून ती माझ्या सोबतीला झोपते.

३. दुनळी बंदूक. मागच्या दसऱ्याला हिच्यामुळे माझे यजमान गेले. ती पोलिसांच्या ताब्यात आहे. चौकशी संपली की वारसाला परत मिळेल. ती कोणालाही देऊ नये, तोडून टाकावी.

कारण लिहिते. सासऱ्यांनी ही बंदूक मूलच्या बाजूच्या एका घराकडून घेतली, त्या घराने चंद्रपूरच्या एका लाकूड ठेकेदाराकडून. यजमानांना तिचा इतिहास शोधण्याचा नाद होता. नळ्यांखालचे लाकूड काढून विलायती शिक्के भिंगाने वाचायचे आणि जेवताना मला सांगायचे. ते गेल्यावर राहिलेला शोध मी केला. दोन्ही घरी जाऊन आले. दोन्ही घरांत एकेक माणूस दसऱ्यालाच गेला होता, पूजा झाल्यावर पाटावरून बंदूक उचलताना. दोन्ही घरी मला एकच ऐकवले, की ती रिकामी पूजली तर घरातले माणूस मागते. म्हणून भरून, नळ्यांमागचे दोन्ही घोडे मागे ओढून, म्हणजे चढवून पूजायची आणि घोड्यांना कुंकू लावायचे. बंदूक विकताना ही रीतही सोबत देत आले. आमच्याकडेही तसेच चालत होते.

पोलिसांच्या तपासणीच्या अहवालात लिहिले आहे की डाव्या घोड्याला अडकवून धरणारी खाच झिजली आहे. चढवलेला घोडा नुसत्या हिसक्याने पडतो, चापाला बोट लागावे लागत नाही.

४. तीन एकर शेत विक्कीला द्यावे, पण बंदूक तोडल्याची पोलिसांची पावती त्याने दाखवल्यावरच. तोवर शेत चंदाबाईंच्या ताब्यात राहावे.

ही अट मी आज सकाळी त्याला कच्च्या प्रतीतून वाचून दाखवली. तो ओट्यावरच उभा राहिला. म्हणाला, "मोठीआई, वावर नोको मले. बंदूक पायजे."

मी कशाला म्हणून विचारले.

"यंदा तिची पूजा नाई होत. भुकी राह्यली त माझ्या पोरीवर येईन."

त्याची मुलगी आता रांगते. मी त्याला अहवाल समजावून सांगितला.

"रिपोर्ट लिवनारा तिच्यासंग एका घरात राह्यला का?"

"विक्की, तुझ्या मोठ्या बाबांनी त्या दिवशी घोडे चढवले नसते तर आज ते असते."

"त तुम्ही नसत्या," तो म्हणाला. "तुमच्या मागं मीच आनीन तिले. भरूनच पूजीन."

पायात चपला घालून तो गेला. चहा घेतला नाही. लहानपणापासून तो माझ्याच हातचे जेवला आहे. त्याला शेतापेक्षा बंदूक हवी असेल तर या अटीचा उपयोग नाही, हे मला कळते. दुसरा उपाय मला सुचला नाही. अट तशीच ठेवली आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्या देखत सही केली. त्यांनीही माझ्या समोर सह्या केल्या.

सही: नीलिमा गुणवंतराव झाडे
साक्षीदार: १. दिनेश मोहुर्ले २. ललिता निमगडे
ठिकाण: गोंडपिपरी. दिनांक: २८/९/२०२५

साक्षीदार गेल्यावर लिहिलेले: याची एक प्रत विक्कीसाठी काढली आहे. तो वाचेल की नाही, माहीत नाही. प्रिया आज गावाला गेली आहे. कपबशा धुतल्या. एकटीपुरता भात टाकला आहे.